ठिपक्याखालचा सैल बोल्ट

मिस्त्रीचं आणि सिस्टरचं काहीतरी आहे, ही बातमी माझ्या कानात पहिल्यांदा न्हाव्याने घातली. माझ्या अर्ध्या गालाला साबण होता आणि वस्तरा गळ्याशी, त्यामुळे मुकाट्याने ऐकून घ्यावी लागली. साबण नसता तरी मी ऐकलीच असती, खोटं कशाला बोलू.

"रोज सकाळी साडेसहाला," न्हावी म्हणाला, "मी दुकान उघडायला येतो ना, तेव्हा हा त्यांच्या फाटकात. उकिडवा बसलेला. गाडीचं निमित्त! परवा तर बाई स्वतः कप घेऊन बाहेर आल्या."

"कप?"

"चहाचा. बशीसकट." बशीवर त्याने असा जोर दिला, की नुसता कप एक वेळ चालला असता.

"अरे, गाडी दुरुस्त करत असेल."

"पंधरा-पंधरा दिवस? एकच गाडी? आणि वाकला तेव्हा खिशातून काय पडलं सांगू? नेलपॉलिश! लालभडक. ह्या डोळ्यांनी बघितली."

आता त्या मिस्त्रीच्या खिशात नेलपॉलिश कशासाठी असते हे मला ठाऊक होतं. न्हाव्यालाही ठाऊक होतं. अख्ख्या रस्त्याला ठाऊक होतं. पण गप्पा रंगात आल्यावर असल्या गोष्टींची आठवण कोण करून देतो? मी गाल पुसला आणि दिवस मावळायच्या आत ती बातमी चार घरी पोचवली. बशा मी दोन केल्या.

मिस्त्रीला सगळे ठिपक्या म्हणायचे. रस्त्याच्या वळणावर पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान. माणूस बुटका, मान आखूड, तेल केसांना कमी आणि हातांना जास्त. एरवी तोंडातून शब्द काढायला पक्कड लागायची. पण बॅटरीच्या बोल्टांचा विषय निघाला की गडी सुटायचा.

"गाडी बंद पडली की लोक इंजिनाला शिव्या घालतात," तो म्हणायचा. "इंजिन बिचारं धडधाकट असतं. बॅटरीच्या डोक्यावरचा एवढासा बोल्ट सैल असतो." आणि करंगळीचं टोक दाखवायचा.

तो बोल्ट बसवताना त्याला बघत बसायला मला आवडायचं. बॅटरीच्या टर्मिनलमध्ये एक चौकोनी नट नुसता ठेवलेला असतो. वरून बोल्ट घालायला जावं, तर हा पठ्ठ्या खाली जाऊन बसतो आणि बोल्टाला सापडत नाही. नवशिके तिथे घामाघूम होतात. ठिपक्या नटाखाली जुन्या ट्यूबचा कापलेला तुकडा सारायचा, की नट आपोआप वर उचललेला. टर्मिनलवरची पांढरी बुरशी ब्रशने खरवडायची, वायरचं कडं सपाट बसवायचं, आधी लाल वायर, मग काळी. बोल्ट पहिल्यांदा बोटांनी फिरवायचा, मग दहाच्या पान्याने आवळायचा. तोही मनगटाच्या जोराने, खांद्याच्या नव्हे, कारण टर्मिनलचं शिसं मऊ, फार पिळलं तर चिरतं. मग वायर चिमटीत धरून ओढून बघायची. हलली नाही, की बोल्टाच्या डोक्यावर बायकोच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका. ही त्याची सही. बोल्ट आवळून झाला, आता जबाबदारी माझी, असा तिचा अर्थ.

"ठिपका दिसला तिथे हात लावायचा नाही," तो गिऱ्हाइकांना बजावायचा. "बिघाड दुसरीकडे शोधायचा."

लोक चेष्टा करायचे. "मिस्त्री, तुम्ही पायाच्या बोटांनाही लावता का हो?" तो नुसता हसायचा. वहिनी मात्र, म्हणजे त्याची बायको, ऐकवायच्या, "माझी नखं बघा, कोरी. आणि गाड्या बघा, नटून बसल्यात!" पण बाटली संपली की नवी त्याच आणून द्यायच्या.

सिस्टर म्हणजे आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई. पन्नाशीला टेकलेल्या, एकट्या राहणाऱ्या. आवाज असा, की ताप धाकानेच उतरावा. टेकडीपलीकडच्या सात वस्त्या त्यांच्या अंगावर होत्या. टाके घाला, इंजेक्शनं द्या, बाळंतपणं करा. केंद्राने दिलेल्या मोटरसायकलवर, पाठीला बॅग आवळून, त्या भल्या सकाळी निघायच्या. एवढ्या लांब बाईमाणूस एकटी जाते म्हणून ठिपक्याने त्यांना गाडीचं जुजबी शिक्षण दिलं होतं. पेट्रोलचा कॉक बघा, प्लग काढून पुसा, झाकण उघडून बॅटरी बघा. "आणि ठिपका असेल तर?" तो परीक्षा घ्यायचा. "तर झाकण बंद करायचं," सिस्टर म्हणायच्या. पहिल्या नंबराने पास.

न्हाव्याने बातमी दिली त्याच्या तीनेक आठवडे आधीच्या एका मंगळवारी ठिपक्याकडे तीन गाड्या होत्या. तिघींच्या बॅटऱ्या चार्ज करून परत बसवायच्या. नेलपॉलिशची बाटली पुन्हापुन्हा उघडली की घट्ट होते, म्हणून त्या दिवशी त्याने एक युक्ती केली. तिन्ही गाड्यांचे बोल्ट बोटांनी लावून घेतले, तिन्ही गाड्यांवर एका दमात ठिपके दिले, बाटली बंद केली, आणि मग पाना घेतला. पहिली गाडी आवळली. दुसरी आवळली. तिसऱ्या गाडीचा लाल वायरचा बोल्ट आवळला, तोवर कोणीतरी बाहेरून हाक मारली, पंक्चरची गाडी ढकलत आला होता. पंक्चर काढून हा परत वळला तर तिन्ही गाड्यांवर ठिपके दिसले. ठिपका म्हणजे झालेलं काम. त्याने झाकण लावून टाकलं.

तिसरी गाडी सिस्टरची होती.

गुरुवारी सकाळी पलीकडच्या वस्तीतून निरोप आला, पहिलटकरीण आहे, कळा सुरू झाल्यात. सिस्टर निघाल्या. अर्धी टेकडी चढल्यावर, खड्ड्यांच्या रस्त्यावर, दिवा मिणमिणला, इंजिन खोकलं आणि गाडी गप्प. बटण दाबलं तर टक्. पुन्हा दाबलं तर तेही नाही. किक ह्या गाडीला नव्हतीच. सिस्टरनी शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. कॉक बघितला. प्लग काढला, पदराने... नाही, पदर कुठला, त्या पँट घालायच्या, रुमालाने पुसला. झाकण उघडलं. दोन लाल ठिपके, चकचकीत. झाकण बंद केलं. मग गाडी उतारावर ढकलून बघितली, घामाने चिंब झाल्या, पुन्हा प्लग काढला. दीड तासाने दगडांचा ट्रक आला, त्यात बसून त्या वस्तीवर पोचल्या.

बाळ तोवर सासूच्या हातात होतं, पण आईचं रक्त थांबत नव्हतं. सिस्टरनी जमेल तेवढं थांबवलं आणि त्याच ट्रकमध्ये घालून तिला मोठ्या इस्पितळात नेलं. अकरा दिवस ती पोरगी तिथे होती. दोघं वाचली. पण ट्रकमध्ये चढवताना सासू सगळ्यांदेखत ओरडली होती, "बाई, कुठे होतात तुम्ही?"

गाडी टेम्पोत घालून दुकानात आली. सिस्टर बाहेर टेम्पोवाल्याशी बोलत होत्या. ठिपक्याने झाकण काढलं, सवयीने काळी वायर चिमटीत धरली, आणि ती डुलली. वर ठिपका जसाच्या तसा. त्याने मान वळवून बाहेर बघितलं आणि पाना घेऊन बोल्ट आवळला. मनगटाचे दोन झटके. बटण दाबलं, गाडी सुरू.

सिस्टर आत धावल्या. "अगं बाई, एवढ्यात? काय झालं होतं हो, मिस्त्री?"

"फ्यूज," तो म्हणाला. "फ्यूज गेला होता."

इथवर एक वेळ समजू शकतो. माणूस गांगरतो, तोंडाला येईल ते बोलून जातो. पण सिस्टर म्हणाल्या, "बघू?" तेव्हा ह्याने पाठ फिरवून डब्यातला चांगला फ्यूज काढला, स्क्रूड्रायव्हरने आतली तार तोडली आणि तो त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो कागदात गुंडाळून बॅगेत ठेवला. "बरं झालं बाई कारण कळलं," म्हणाल्या. "मला वाटलं, माझंच काही चुकलं." वर त्याचे आभार मानून गेल्या.

चार दिवसांनी केंद्राच्या मोठ्या डॉक्टरांनी चौकशी लावली. सिस्टर ठिपक्याकडून लिहून घेऊन गेल्या, बिघाड फ्यूजचा होता. सोबत तो तुटका फ्यूजही जोडला. डॉक्टरांनी नियमांची वही उघडली. वाहन चालवणाऱ्याने दोन जादा फ्यूज जवळ बाळगावेत, कलम अमुक. बाळगले होते का? नव्हते. म्हणजे हलगर्जीपणा सिस्टरचा. महिनाअखेरीपासून गाडी काढून घेणार, सात वस्त्या दुसऱ्याकडे, आणि सिस्टर खिडकीत बसून नाव-नोंदणी करणार. वीस वर्षं रस्त्यावर काढलेली बाई!

हे सगळं सिस्टरनीच दुकानात येऊन सांगितलं. रडल्या नाहीत. "नियम आहे, त्यांचंही बरोबर आहे," म्हणाल्या. "मीच ठेवायला हवे होते दोन." मी तिथेच बाकड्यावर होतो. ठिपक्या जमिनीवरचा एक वॉशर उचलत होता आणि तो त्याला उचलता येत नव्हता. मला वाटलं, नखं झिजली असतील.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या सकाळच्या फेऱ्या सुरू झाल्या. सिस्टरच्या फाटकात जायचं, झाकण उघडायचं, पाना लावायचा, वायर ओढायची, झाकण बंद. सिस्टर उठलेल्या असायच्या. एकदा त्यांनी चहा आणून दिला. "मिस्त्री, किती काळजी घेता हो! तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय." तो चहा त्याने घशाखाली कसा घातला, त्याचं त्याला ठाऊक. न्हाव्याला फक्त बशी दिसली.

आणि मी ती चार घरी नेली. त्यातलं एक घर वहिनींच्या मावशीचं आहे हे माझ्या ध्यानात नव्हतं. होतं, खरं सांगायचं तर.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी डबा घेऊन दुकानात आल्या. डबा बाकड्यावर असा आपटला, की मी सरकून बसलो.

"अहो, माझी बाटली द्या."

"कसली बाटली?"

"नेलपॉलिशची. सकाळी साडेसहाला ती कोणाच्या दारात जाते ते कळू द्या. की तिथेही ठिपके देता?"

मी उठायला लागलो. वहिनी म्हणाल्या, "बसा तुम्ही. एवढ्या बातम्या पोचवता, ही अर्धवट कशाला न्यायची?" मी बसलो. माझे कान तापले होते.

ठिपक्याने खिशातून बाटली काढून बाकड्यावर ठेवली. मग शेडच्या खांबाकडे बघत सगळं सांगितलं. ठिपके आधी दिले. बोल्ट राहिला. फ्यूज मी तोडला. लिहूनही मीच दिलं. आवाज इतका खाली, की मला पुढे झुकावं लागलं, आणि झुकल्याची मला त्या वेळीही लाज वाटली नाही.

वहिनींनी बाटली उचलून पदराला पुसली. "तसलं काही असतं ना," त्या म्हणाल्या, "तर मी तुम्हाला झोडपून मोकळी झाले असते. ह्याचं मी काय करू?"

"मी सांगणार आहे त्यांना."

"कधी? गाडी गेल्यावर? महिना संपायला तीन दिवस आहेत."

"बोलायला जातो आणि जीभ टाळ्याला चिकटते."

"खोटं बोलताना बरी सुटली होती. उठा. हात नंतर धुवा."

ती दोघं निघाली. मीही मागोमाग गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं.

सिस्टर ओट्यावर बसून बँडेजच्या गुंडाळ्या करत होत्या. ठिपक्या पायरीखाली उभा राहिला. वर चढला नाही. "फ्यूज गेला नव्हता," तो म्हणाला. "काळ्या वायरचा बोल्ट मी आवळलाच नव्हता. नुसता बोटाने लावलेला. तो फ्यूज मी तोडला, तुम्हाला दाखवायला."

सिस्टरनी हातातली गुंडाळी पुरी केली. तिचं टोक आत खोचलं. मग विचारलं, "पण ठिपका होता ना त्याच्यावर?"

"होता."

"तेच. मी झाकण उघडलं होतं. ठिपका बघून बंद केलं." गुंडाळी बाजूला ठेवून म्हणाल्या, "त्या वायरला नुसता हात लागला असता तरी मला कळलं असतं."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ठिपक्या आपल्या चपलांकडे बघत राहिला. मी फाटकाची कडी लावत होतो, काढत होतो.

"उद्या अकराला मोठे डॉक्टर बसतात," सिस्टर म्हणाल्या. "तिथे सांगा. मला सांगून काय उपयोग?" आणि नवी गुंडाळी घेतली.

दुसऱ्या दिवशीचं मला केंद्राच्या कारकुनाने सांगितलं. तो माझा जुना गप्पांचा भिडू, आणि त्या दिवशी जबाब त्यानेच लिहून घेतला. डॉक्टरांनी विचारलं, "मग आधी फ्यूज का लिहिलंत?"

"लाज वाटली म्हणून."

"हे असंच लिहायचं का?"

"असंच लिहा."

कारकून सांगत होता, डॉक्टरांनी त्याला जबाब वाचून दाखवायला सांगितला, तेव्हा दार उघडं होतं आणि बाहेर बाकावर औषधासाठी पंधरा-वीस माणसं बसलेली. त्यातली निम्मी ठिपक्याची गिऱ्हाइकं. वाचून होईपर्यंत तो उभा होता. मग सही केली आणि त्या बाकांमधून चालत बाहेर गेला.

गाडी सिस्टरकडे राहिली, वस्त्याही राहिल्या. त्या पोरीच्या सासूकडे ठिपक्या स्वतः जाऊन आला. तिने त्याला दारातच ऐकवलं आणि बाळ काही दाखवलं नाही. दुकानात बरीच माणसं येईनाशी झाली. जी येतात ती झाकण लावायच्या आधी वायर स्वतः ओढून बघतात, आणि तो बाजूला उभा राहून ओढू देतो. ठिपके बंद झाले. सिस्टर दोन महिन्यांनी गाडी घेऊन आल्या. दहाचा पाना त्यांनी स्वतःचा आणला होता. बोल्ट त्याने आवळला, मग पुन्हा त्यांनी आवळला.

न्हाव्याच्या दुकानात ती जुनी गोष्ट अजून निघते. नवीन माणूस दिसला की तो बशीपासून सुरुवात करतो. मी आता तिथे गप्प बसतो. एकदा ठिपक्यालाच विचारलं, "बोल्ट तर तू पहिल्याच दिवशी आवळला होतास. मग रोज काय तपासत होतास?"

सिस्टरच्या फाटकात तो एकोणीस सकाळी गेला होता. बोल्ट एकदाही सैल नव्हता. तो कबूल करायला जायचा, जमायचं नाही, म्हणून पाना लावून परत यायचा.